खण उघडेपर्यंत

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी टेबलाचा मधला खण उघडायला घेतला, तर तो जागचा हलेना. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आणि सासूबाईंचं पेन्शनचं पासबुक, सगळं त्यातच. नवऱ्याने एकदा ओढून पाहिलं, दोनदा ओढून पाहिलं, मुठीतली पितळी कडी हातात आली तेव्हा परसातून पहार घेऊन आला.

ही गोष्ट ऑगस्ट 2019 ची. आमचं घर सांगलीच्या गावभागात. इथे पावसाळ्यात कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. 2005 ला आमच्या खालच्या खोलीत फूटभर पाणी आलं होतं. त्याची रेघ भिंतीवर सासऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली, रंग देणाऱ्यालाही पुसू दिली नव्हती. घरातली प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची हे पुढे त्या रेघेनेच ठरवलं. कपाटाखाली दोन-दोन विटा, टेबलाखाली चार, कागदपत्रं टेबलाच्या खणात म्हणजे रेघेच्या चांगली वर. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा नवी रेघ माझ्या छातीला लागत होती आणि विटा होत्या तिथेच होत्या. टेबल मात्र त्यांच्यावर नव्हतं, तरंगत जाऊन जिन्याच्या कोपऱ्यात आडवं पडलं होतं.

तर पहार. ती उचललेली असतानाच दारात आमचे सुतारमामा उभे. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरचं लाकडाचं काम तेच करतात. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी आलं नव्हतं, म्हणून ओळखीच्या घरी फिरून बघत होते.

“ठेवा ती खाली,” ते म्हणाले. “फोडायचंच असलं तर मला कशाला बोलवता? लाकूड फुगलंय. वाळलं की आपसूक सुटंल.”

“आणि आतले कागद?”

“ते वरनं काढू की.”

त्यांनी वरच्या फळीचे स्क्रू खालून दाखवले. गंजून धरले होते. रॉकेलचे थेंब सोडून तासभर थांबलो, मग एकेक सुटला. फळी उचलली आणि वरून हात घालून सगळे कागद काढले. खण तसाच अडकलेला, पण आता त्याची घाई कुणाला नव्हती.

खण का अडकतो, हे मामांनी बोटाने रेषा दाखवून सांगितलं. लाकूड पाण्याने लांबीला जवळजवळ वाढतच नाही, वाढतं ते रेषांच्या आडव्या बाजूला. खणाच्या पुढच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जातात, म्हणजे ती फळी वर-खाली फुगते आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या मधे आवळून बसते. ओढून काही होत नाही, फक्त कडी निघते. आमची निघालीच होती.

धुण्याचं काम त्याच दिवशी सुरू केलं. पुराचा गाळ ओला असतो तोवर लोण्यासारखा निघतो, एकदा वाळला की सिमेंट होतो. सांध्यांत, कोरीव पट्टीत, कुलपाच्या भोकात. शिवाय त्यात बारीक रेती असते. कोरड्या फडक्याने पुसायला गेलं की तीच पॉलिश पेपरचं काम करते आणि लाकडावर ओरखडे उठतात. म्हणून आधी पाणी ओतायचं, मग मऊ ब्रशने रेषेच्या दिशेने काढायचं. नळाला पाणी नव्हतं, टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. पाण्याने नासलेली वस्तू पाण्यानेच धुवायची आणि त्यासाठी पाण्याच्याच रांगेत उभं राहायचं! हातात रबरी मोजे घालावेच लागतात, कारण नदीबरोबर गटारंही घरात आलेली असतात. आणि धुण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढून ठेवावेत. हे मला शेजारणीने ऐनवेळी सांगितलं म्हणून बरं.

धुऊन अंगणात मांडल्यावर कोण जगणार आणि कोण नाही, हे उघड दिसायला लागलं. पोराचं कॉम्प्युटर टेबल भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं होतं. त्याच्या कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुलल्या होत्या. हात लावला की चुरा. त्या फळीत लाकडाचे तुकडे डिंकाने दाबून बसवलेले असतात, एकदा फुगले की वाळूनही पुन्हा मूळ जाडीला येत नाहीत. ते सरळ गल्लीतल्या ढिगावर गेलं. प्लायवूडच्या शोकेसची वरची अर्धी बाजू ठीक होती, खाली थर सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उघडले होते. राहता राहिलं सागवानी कपाट आणि हे टेबल. टेबल माझ्या आजेसासऱ्यांचं, म्हणजे साधारण 1950 च्या आसपासचं.

आणि इथे आम्ही चूक केली. आम्ही म्हणजे नवऱ्याने, पण मीही पायरी धरून फळी गच्चीवर चढवायला मदत केली होती, त्यामुळे नाव एकट्याचं घेत नाही. 2 सप्टेंबरला गणपती बसणार होते. दरवर्षी गणपती त्याच टेबलावर बसतो. 14-15 तारखेला छान ऊन पडलं. ओलं आहे, ऊन आहे, घाला उन्हात. पापड नाही का घालत? टेबलाची फळी गच्चीच्या फरशीवर आडवी टाकली आणि खाली येऊन चिखल उपसायला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघितलं तर तिच्या दोन्ही कडा वर उचललेल्या, मधे खोलगट. पुराच्या आठवड्यात गल्लीत होडी मिळता मिळत नव्हती, आता गच्चीवर आयती तयार झाली होती. एका टोकाला वीतभर चीरही गेली होती.

मामा आले, चपला काढल्या, फळीभोवती एक फेरी मारली आणि खाली बसले. बोलले काही नाही, तेच जास्त लागलं. नंतर सांगितलं ते असं: वरच्या अंगाला ऊन लागलं, ते झपाट्याने वाळलं आणि आकसलं. खालचं अंग फरशीला चिकटून ओलंच राहिलं, म्हणजे फुगलेलंच. वरचं आखूड, खालचं लांब, मग वाकणार नाही तर काय करणार? दोन्ही अंगांना सारखी हवा लागली पाहिजे आणि वाळणं सावकाश झालं पाहिजे. लाकडाचं बाहेरचं कातडं आधी वाळून आवळतं आणि पोट अजून ओलं असतं, तेव्हा कातडं फाटतं.

“पापड वाळवतावं आपण, वैनी. पण पापड सरळ राहतोय का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकीचं सगळं मग सावलीत गेलं. माजघरातल्या फरशीवर विटा, विटांवर पट्ट्या, पट्ट्यांवर कपाटाची दारं, मधे पुन्हा पट्ट्या, असे थर. खिडक्या उघड्या. वीज आली तसा पंखा लावला, पण भिंतीकडे तोंड करून, थेट लाकडावर नाही. दर दोन दिवसांनी प्रत्येक फळी उलटायची. सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं आणि कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांसारख्या खुणा करत गेल्या.

पण वाळलं हे कळायचं कसं? हाताला तर आठवड्यातच कोरडं लागायला लागलं होतं. मामा गालाला लावून सांगतात, तो गाल माझ्याकडे नाही. रद्दीवाल्याकडचा हुकाचा काटा बघून मला सुचलं की वजन करावं. टेबलाचा डावा खण सुटा होता, कारण त्याच्या खालची पट्टी सरस, म्हणजे सुतारांचा जुना गोंद, विरघळून आधीच गळून पडली होती. तो दर बुधवारी काट्याला टांगायचा. पहिल्या बुधवारी 4 किलो 150 ग्रॅम. पुढे 3 किलो 600. मग 3 किलो 320. मग पाऊस परत आला आणि आठवडाभर काटा जागचा हलला नाही, उलट 20 ग्रॅम वाढला. घरात हवाच इतकी ओली की लाकूड ती पीत होतं. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, हे सांगलीतल्या द्राक्षवाल्यांना विचारा. ओळीने तीन बुधवार काटा 3 किलो 150 वर थांबला तेव्हा नोव्हेंबरचा मध्य उजाडला होता. म्हणजे जवळजवळ एक किलो कृष्णा त्या एवढ्याशा खणात बसली होती.

गणपती अर्थातच त्या वर्षी पाटावर बसले.

मधला खण मात्र सप्टेंबरच्या शेवटीच सुटला. मी केर काढताना सहज हात लावला आणि तो सरकला, जसा काही अडकलाच नव्हता. आत तळाशी बोटभर गाळ आणि गाळात सासऱ्यांचं जुनं शाईचं पेन. मामांना फोन केला तर म्हणाले, “खणाच्या कडांवर मेणबत्ती घासून ठेवा.” पेनाबद्दल काही बोलले नाहीत, मीही सांगितलं नाही.

वाळताना दोन गोष्टींनी छळलं. एक बुरशी. पांढरी आणि हिरवट, कपाटाच्या आतल्या अंगाला, जिथे हवा पोचत नव्हती. कोरड्या झाडूने झाडायला गेले आणि दिवसभर शिंकत बसले. ती उडवायची नसते. नाकाला फडकं बांधून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने टिपून घ्यायची आणि कापड टाकून द्यायचं. पण खरा उपाय वाळवणं हाच. लाकडातला ओलावा विसेक टक्क्यांच्या वर असला की बुरशीला घर मिळतं, खाली गेला की तिची वाढ आपोआप थांबते.

दुसरं काळे डाग. प्रत्येक खिळ्याभोवती, कडीच्या जागी, शाई सांडल्यासारखे काळेनिळे गोल. मला ती बुरशीच वाटली, पण घासून घासून लाकूड खड्ड्यात गेलं तरी डाग तसेच. ती बुरशी नव्हेच. लाकडात कषाय, म्हणजे टॅनिन, असतं, चहात असतं तसं. गंजलेल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि लोखंडाची शाई करायचे, तीच ही शाई. ती ऑक्झॅलिक ॲसिडने जाते. हार्डवेअरच्या दुकानात साखरेसारखी पांढरी पूड मिळते आणि साखरेसारखी दिसते म्हणूनच ती घरात उघडी ठेवायची नाही, विषारी असते. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. धातूचं भांडं नको. हातमोजे हवेतच. ब्रशने सगळ्या फळीवर सारखं लावायचं, नुसत्या डागावर लावलं तर तिथे पांढुरका चट्टा दिसतो. डाग माझ्या डोळ्यांसमोर फिका होत गेला. काळा, मग जांभळट, मग चहाच्या रंगाचा, मग लाकडाचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी पटकन झालं होतं, म्हणून मी नवऱ्याला हाक मारून तो डाग दाखवला. तो म्हणाला, “कुठे आहे?” हेच तर दाखवायचं होतं. नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. आणि वाळल्यावर घासताना तोंडाला मास्क, कारण राहिलेली पूड उडते. म्हणजे पुन्हा ओलं आणि पुन्हा वाळवणं आलं. खण पुन्हा काट्यावर.

आता ती होडी. मामांनी तिला शिक्षा करून सरळ करू नका म्हणून बजावलं होतं, म्हणजे वरून वजन ठेवून दाबायचं नाही, चीर वाढते. ज्या बाजूने वाकली त्याच बाजूने परत आणायची. दोन गोणपाटं भिजवून पिळली, अंगणात पसरली आणि फळी खोलगट अंग खाली करून त्यावर ठेवली. कुबड वर, उघड्या हवेत. खालचं आकसलेलं अंग ओलावा पिऊन पसरायला लागलं, वरचं वाळून आवळायला लागलं. रोज सकाळी मी सुतारासारखी एक डोळा मिटून कडेवरून बघायचे. तिसऱ्या दिवशी फरक जाणवला, पाचव्या दिवशी फळी जवळजवळ सपाट. मग वर-खाली आडव्या पट्ट्या लावून मामांनी चार क्लॅम्पने हलकी धरली आणि ती तशीच सावलीत महिनाभर राहिली. पुरती सरळ नाहीच झाली. आजही टेबलावर पेन्सिल ठेवली की ती घरंगळत मधे येऊन थांबते. पोराने तिथे पेन्सिल ठेवायची जागा म्हणून चिठ्ठीच चिकटवली होती.

चिरेत भुसा आणि फेविकॉल भरू म्हणून मी सुचवलं. बारीक चिरेला ते चालतं, मामा म्हणाले, पण ही रुंद आहे, काळी रेघ दिसत राहील. त्यांनी सागाची एक पट्टी रंध्याने कडेला पातळ करत नेली, इतकी की तिच्यातून उजेड दिसावा, आणि ती सरस लावून चिरेत ठोकली. वर आलेला भाग वाळल्यावर पटाशीने छाटला. रेषा जुळवून घेतल्या होत्या, त्यामुळे आता शोधावी लागते.

सरसावरून घरात थोडं महाभारत झालं. टेबलाचे सगळे सांधे जुन्या सरसाचे होते. तो पाण्याने आणि उबेने सुटतो, म्हणूनच पाय गळून पडले. माझ्या मते ही वाईट गोष्ट होती. मामांच्या मते हीच चांगली. सांधा सुटला म्हणून लाकूड वाचलं. न सुटणाऱ्या गोंदाने चिकटवलेलं असतं तर फुगणाऱ्या लाकडाने सांध्याशेजारीच स्वतःला फाडून घेतलं असतं. शिवाय जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने पुसून निघतो, नवा त्याच जागी बसतो. खाचा गरम पाण्याने धुऊन, दात घासायच्या ब्रशने साफ करून मी त्या चकचकीत केल्या.

पण सरस मिळणार कुठे? आजकाल सगळीकडे पांढरा गोंद. मामांनी मिरजेला पाठवलं, सतारमेकर गल्लीत. सतार-तंबोरे करणारे लोक लाकूड, सरस आणि लाखेचं पॉलिश रोज हाताळतात. तिथे एका कारागिराने कागदात बांधून सरसाचे दाणे दिले आणि वर टेबलाची चौकशीही केली. दाणे थंड पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी त्यांची जेली होते. मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात विरघळवायचे. बोट जेमतेम सोसवेल इतकंच गरम, उकळला की त्याची ताकद जाते. मी गॅसवर भांडं ठेवलं आणि वासाने सासूबाई आल्या.

“कसला गं हा वास?”

“सरस आहे, आई. टेबलाला.”

“कशाचा करतात?”

मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा. पुढचा सगळा कार्यक्रम परसात तीन विटांच्या चुलीवर झाला आणि ती दोन भांडी आजही परसातच आहेत.

सरस थंड व्हायच्या आत सांधा बसवावा लागतो, मिनिटभराचं काम. आम्ही तिघं तीन बाजूंनी उभे. मामा म्हणाले ‘आता’, की ढकलायचं. सुतळीचे फेरे घालून त्यात काठी पिळून आवळलं. क्लॅम्प चारच होते आणि ते होडीला लागलेले. पायांना मात्र मामांनी सरस लावलाच नाही. आतून नट-बोल्ट दिले. जुन्या वस्तूला असलं लोखंड? मला आवडलं नव्हतं, मी तसं बोललेही.

“उद्या परत उचलायची वेळ आली तर?” एवढंच ते म्हणाले.

कपाटाच्या दारांवरचं पॉलिश पांढुरकं झालं होतं, धुकं बसल्यासारखं. मी सगळं खरवडून काढायच्या तयारीत होते. मिरजेतल्या त्याच कारागिराने सांगितलं होतं की ते वरच्या थरात अडकलेलं पाणी असतं. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा, थेंब पडणार नाही असा, नुसता फिरवत न्यायचा. लाखेचा थर क्षणभर मऊ होतो आणि पाणी निघून जातं. एक दार पूर्ण स्वच्छ झालं. दुसऱ्यावर मी बोळा एका जागी थांबवला आणि पॉलिशच उचललं गेलं. मग त्या दाराला नव्याने. 100 ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर, गाळून, आत कापूस घातलेल्या मऊ फडक्याच्या बोळ्याने पातळ थर, एकावर एक. ढगाळ दिवशी लावलं तर पुन्हा तेच धुकं. हे मी एकदा करून पाहिलं, सांगायची गरज नव्हती.

शोकेसवर फार वेळ घालवला नाही. खालचा फुटलेला भाग कापून टाकला, ठेंगणं झालं, सुटलेल्या थरांत इंजेक्शनच्या सुईने फेविकॉल भरून, वर कापड ठेवून इस्त्री फिरवली. काही फुगे बसले, काही नाही.

जुलै 2021 मध्ये आयर्विनने पुन्हा पन्नाशी ओलांडली. या वेळी रेघेकडे कुणी बघितलं नाही. नवऱ्याने पाना आणला, चार बोल्ट, चार पाय, फळीचे स्क्रू. पाव तासात टेबल जिन्यावरून वर गेलं, खण आधीच पोराने नेले होते. कपाटाची दारं बिजागरीतून काढली, सांगाडा गल्लीतल्या चार पोरांनी चढवला. घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं.

शोकेस तेवढं खालीच राहिलं. “राहू दे,” सासूबाई म्हणाल्या, “त्याला आता सवय आहे.”